अ‍ॅडमिरल साहेब भीमपूरला

आदिलाबाद जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली आमची ओळखीची माणसं आधी धबधब्याबद्दल विचारतात. कुणीतरी त्याचे फोटो पाहिलेले असतात. धबधबा आम्ही पाहिला नाही. भीमपूरजवळच्या एका गावात, वांग्याच्या वाडीला लागून असलेल्या एका घरी आम्ही राहिलो आणि परत आलो. तरीही गेल्या काही वर्षांत आम्ही दोघं जिथं जिथं फिरलो, त्यात हाच प्रवास मला सारखा आठवतो.

माझा नवरा अरविंद नौदलातून व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाला. त्यालाही आता पाच-सहा वर्षं होऊन गेली. नोकरीत होता तेव्हा गाडीवर तीन ताऱ्यांची पाटी असायची आणि दार उघडायला माणूस असायचा. आता गाडी तो स्वतः चालवतो आणि सोसायटीच्या पार्किंगवरून सेक्रेटरीशी हुज्जत घालतो.

अ‍ॅडमिरल जहाजावर असला की त्याचा झेंडा डोलकाठीवर चढवतात. तो जहाज सोडून गेला की उतरवतात. अरविंद रिअर अ‍ॅडमिरल झाला तेव्हा विशाखापट्टणमला त्याचा झेंडा पहिल्यांदा चढवला तो दत्ता गुरनुलेनं. दत्ता सिग्नलवाला. झेंडे, दिवे, निरोप ही त्याची कामं. त्या दिवशी वारा इतका पडलेला होता की झेंडा वर गेला आणि ओल्या टॉवेलसारखा लोंबत राहिला. खाली सगळे सलामीत ताठ उभे. दत्ता आपला दोरीला हळूच हिसके देत राहिला, झेंडा थोडा तरी हलावा म्हणून. अरविंदच्या ते लक्षात आलं आणि तेव्हापासून दोघांचं जमलं.

नोकरी संपल्यावर दत्ता गावी परतला आणि भाजीपाला पिकवू लागला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. या दिवाळीला आला तो मात्र निराळा होता.

"साहेब, आमची प्रणाली नेवीत लागली. अग्निवीर. जानेवारीत चिल्क्याले, ओडिशात, ट्रेनिंगले जाचं हाये." एवढं आनंदानं सांगून त्याचा आवाज खाली आला. "पन तिची माय बोलून नाई राह्यली. पोट्टीसंग नाई, माह्यासंग नाई. तुमी एक डाव या, साहेब. तुमचं ऐकन ते."

फोन ठेवल्यावर अरविंद बाल्कनीत जाऊन आला. मग म्हणाला, "त्याच्या बायकोला मी आजवर पाहिलेलंही नाही, सुमा. माझं ती का ऐकेल?"

तरी जायचं ठरलं.

पैनगंगेच्या चुकीच्या काठावर

नागपूरला आमची मुलगी असते. तिच्याकडे मुक्काम करून आम्ही सकाळी निघालो. पांढरकवड्यापर्यंतचा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, म्हणून तो सोडते. पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला, की दुकानांच्या पाट्या तेलुगू होतात आणि माणसं मात्र मराठीच राहतात. जैनथच्या फाट्यावर चहा प्यायलो. चहावाला गिऱ्हाइकाशी तेलुगूत, पोराशी मराठीत आणि आमची गाडी बघून आमच्याशी हिंदीत बोलला. मी मराठीत उत्तर दिल्यावर म्हणाला, "मंग तसं सांगा ना बाप्पा!" आणि चहात आणखी आलं ठेचून घातलं.

दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वेचणीच्या बायका पोटाशी ओटी बांधून ओळीनं चालल्या होत्या. मधूनच तुरीचे पट्टे, पिवळ्या फुलांचे. पुण्याहून आलेल्या माणसाला ती काळी माती बघून हेवा वाटतो.

आदिलाबाद ओलांडून भीमपूरच्या रस्त्याला लागल्यावर घोळ झाला. अरविंद फोनमधल्या नकाशावर विसंबून गाडी चालवत होता. रस्ता अरुंद होत गेला, मग कच्चा झाला, आणि शेवटी सरळ नदीत उतरला. समोर पैनगंगा. पलीकडे महाराष्ट्र. नकाशा म्हणत होता, पुढे चला.

शेळ्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्यानं आमच्याकडे बघितलं. "इकून रस्ता नाई. उनाळ्यात या."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. अरविंद माझ्याकडे न बघता गाडी मागे घेत म्हणाला, "हे पुण्यात कुणालाही सांगायचं नाही." सांगणार नाही असं मी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

दत्ताचं घर

दत्ता गावाबाहेर मारुतीच्या देवळापाशी उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पिकलेले, पण पाठ तशीच सरळ. गाडी थांबल्याबरोबर त्यानं कडक सलाम ठोकला. अरविंदनं खाली उतरून त्याला मिठी मारली तेव्हा त्याचा सलाम मधेच अडकला.

घर दोन खोल्यांचं, नव्या स्लॅबचं. पुढे पत्र्याची पडवी, मागे विहीर आणि वाडी. वांगी, मेथी, टोमॅटो, अंबाडी. दारात दत्ताची बायको रुखमा उभी होती. लहान चणीची, हिरवं लुगडं, हाताला मातीचा रंग कायमचा बसलेला. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, "या" म्हणाली आणि आत गेली. प्रणाली एकोणीस वर्षांची. बापाची उंची आणि आईचे डोळे. तिला अरविंदसमोर उभं राहावं की बसावं ते कळेना. शेवटी ती पाण्याचा गडवा धरून उभी राहिली.

थोड्याच वेळात पडवीत गाव जमला. शेजारचे शंकरमामा पुढे होऊन खुर्चीवर बसले. आदिलाबादच्या तहसील कचेरीत ते आयुष्यभर कारकून होते आणि त्यांच्या बोलण्यात ती कचेरी अजून आहे.

"साहेबांचा ओहदा काय समजाचा?" त्यांनी दत्ताला विचारलं. "कलेक्टरच्या वर का खाली?"

दत्ताला उत्साह आला. त्यानं टोपलीतली वांगी काढून फरशीवर मांडली. "हे पाहा मामा. एक तारा म्हंजे कमोडोर. दोन, रिअर अ‍ॅडमिरल. इथून पुढं जहाजावर झेंडा लागते. तीन म्हंजे आपले साहेब, व्हाइस अ‍ॅडमिरल. अन् चार, दिल्लीतले चीफ. सगळ्या नेवीचे मालक."

शंकरमामांनी चार वांग्यांकडे नीट पाहिलं. "मंग साहेबाले चौथा काऊन नाई भेटला?"

दत्ताचं तोंड उतरलं. पण मामांच्या विचारण्यात खवचटपणा नव्हता. बढती का अडली, हे कारकुनानं कारकुनाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

अरविंद म्हणाला, "नौदलात चौथा एकालाच मिळतो, मामा. माझ्या वेळी रांगेत आम्ही तिघं होतो. मिळाला तो माणूस चांगला होता."

हे त्यानं इतक्या सहजपणे म्हटलं, की नवख्या माणसाला त्यात काही ऐकू आलं नसतं. मला त्या वर्षातले महिने आठवले. फोन वाजला की दोघंही न बघितल्यासारखं करायचो. निर्णय कळला त्या संध्याकाळी तो समुद्रावर फिरायला गेला आणि येताना माझ्यासाठी भाजलेली कणसं घेऊन आला. त्यावर आम्ही कधीच फार बोललो नाही.

रुखमा तेवढ्यात चहाचं ताट घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकलं असावं. सगळी माणसं बसलेली असताना, साहेबांना सोडून, तिनं पहिला कप मला दिला.

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, अंबाडीची भाजी आणि तिळाची चटणी. अंबाडीला प्रणाली गोंगुरा म्हणते, शाळेत तोच शब्द कानावर पडला म्हणून. आमच्याकडे अंबाडीत गूळ पडतो. इथं गुळाचं नाव काढलं तर रुखमानं माझ्याकडे दयेनं पाहिलं.

भाकर मोडता मोडता दत्तानं विषय काढलाच. "साहेब, सांगा ना हिले. तुमच्या शब्दावर जहाजं जात येत होते."

"दत्ता, मी इथं कुणाला काही सांगायला आलो नाही. जेवायला आलोय," अरविंद म्हणाला.

तव्यापाशी बसलेली रुखमा मान वर न करता बोलली. आम्ही आल्यापासूनचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

"तुमी तुमची लेक धाडली असती, साहेब?"

प्रणालीचा हात ताटात थांबला. अरविंदला मोठमोठ्या समित्यांपुढे उत्तरं देताना मी पाहिलं आहे. तिथं त्याला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"वहिनी, माझ्या मुलीला पाण्याची भीती वाटते," तो म्हणाला. "लहानपणी बोटीत बसवली तर किनाऱ्याला लागेपर्यंत रडायची. आता दातांची डॉक्टर आहे. तिला पाठवायचा प्रश्न माझ्यापुढे कधी आलाच नाही. त्यामुळं पाठवली असती असं म्हटलं तर ते खोटं होईल."

रुखमानं मान हलवली. मग उठून त्याच्या ताटात गरम भाकर वाढली. दत्ताला मात्र उत्तर पसंत पडलं नाही. तो चटणीच कालवत बसला.

बाजार आणि वाडी

आदिलाबादची थंडी पुण्यातल्या थंडीपेक्षा कडक. पहाटे मी शाल गुंडाळून बाहेर आले तर मायलेकी ऑटोत भाजीच्या टोपल्या चढवत होत्या. "मी येऊ का?" विचारलं. रुखमानं काही न बोलता टोपली सरकवून जागा केली.

शहरातल्या बाजारात दोघींची बसायची जागा ठरलेली होती. पुढचे दोन तास मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. गिऱ्हाईक तेलुगू बोललं की प्रणाली पुढे, हिंदी बोललं की आई. रुखमानं नुसता हात पुढे केला की प्रणाली त्यात नेमकं हवं ते ठेवणार, कधी पिशवी, कधी वजन, कधी ओलं फडकं. रुखमाचा गुडघा दुखतो. ती उठायला लागण्याआधीच मुलीचा हात तिच्या कोपराखाली जायचा. या सगळ्यात दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. अबोला महिन्याभराचा होता, पण हातांना कुणी ते सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर दुपारी प्रणाली अरविंदला नदी दाखवायला घेऊन गेली. यावेळी बरोबर रस्त्यानं. दत्ता मोटर दुरुस्त करायला गेला. मी आणि रुखमा वाडीत मेथी खुडायला बसलो. मला नीट खुडता येत नव्हती. तिनं माझी जुडी सोडवून परत बांधली आणि मग एकदम विचारलं,

"तुमी कशा राह्यल्या वो, बाई? साहेब दर्यावर असतानी?"

मी जे होतं ते सांगितलं. मुलगी झाली तेव्हा अरविंद कुठल्या समुद्रात होता ते मला माहीत नव्हतं. कळवायची परवानगी नसायची. सगळ्या बायका एकाच वसाहतीत राहायचो म्हणून निभावलं. रात्री कुणाच्या पोराला ताप आला तर दुसरीनं स्कूटर काढायची.

"तुमाले बाया तरी होत्या," रुखमा म्हणाली. "माह्याजवळ सासू होती, अन् हे पोट्टी. प्रणालीचे बाबा सुट्टीवर येत, तं पोट्टी त्यायले पाहून माह्या मांगं लपे. आमी दोघीच वाढलो इथं. मी बी तिच्यासंगच वाढली समजा. तेलुगू तिनंच शिकवलं मले, जेवढं येते तेवढं."

"मग तिनं जाऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझाच प्रश्न मूर्खपणाचा वाटला.

"जाऊ नये? बाई, फारम भरतानी म्याच उपास धरले होते तिच्यासाठी. कोनाले मालूम नाई. भरतीसाठी रनिंग करे ते, पयतानी पाय नको दुखो म्हनून तेल लावून देत होती म्या रोज." ती थांबली. मेथीची जुडी मांडीवर तशीच. "पन म्या तोंड उघडलं, अन् 'जाय' म्हनतानी आवाज जरासा जरी हालला, तं पोट्टी नाई जात. मले मालूम हाये ना. माह्या तोंडाकडं पाहूनच समजते तिले सगळं. दोन-तीन डाव बोलाले गेली, गळाच दाटून येते. मंग म्हनलं, तोंडच बंद ठेवू. रागावली समजन, अन् रागानं तरी जाईन."

तिनं पदरानं माझ्या साडीवरची माती झटकली.

"हे पोट्टीले नका सांगू, बाई. कसम हाये तुमाले."

मी "नाही सांगणार" म्हटलं.

कालव्याच्या रस्त्यानं

उन्हं उतरायला लागल्यावर मी आणि अरविंद कालव्याच्या रस्त्यानं फिरायला निघालो. कापसाची गाडी आली म्हणून आम्ही बाजूला झालो, तेव्हा त्यानं सांगितलं.

"ती जाणार नाही म्हणते."

"कोण?"

"प्रणाली. नदीवर बसलो होतो. आधी जहाजांबद्दल विचारत होती. कुठलं किती मोठं, मुलींना कुठं झोपायला देतात. डोळे असे चमकत होते, सुमा. मग एकदम म्हणाली, साहेब, मी नाई जात, बाबाले तुमीच सांगा. मी विचारलं, आई नको म्हणाली का? तर म्हणते, बोलतच नाई, म्हंजे नाईच ना. आईले सोडून मले जाता येत नाई." त्यानं सुस्कारा सोडला. "आईला कळू देऊ नका असं म्हणाली. आईमुळे राहिले असं तिला वाटायला नको. मी शब्द दिला."

मी रस्त्यातच थांबले आणि वाडीतलं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तो कालव्याच्या कठड्यावर बसला.

"म्हणजे आई गप्प आहे ती मुलीनं जावं म्हणून," तो हळूच म्हणाला, "आणि त्याच गप्पपणामुळे मुलगी राहते आहे."

"हो."

पाण्यात एक बगळा उभा होता. अरविंद त्याच्याकडे बघत बोलत होता. "झेंडा लागला, की समुद्रावर जाणं कमी होत जातं. टेबलामागं बसून माणसं पाठवायची. हे जहाज इकडे, ते तिकडे. प्रत्येक माणसाचं नाव, काम, नंबर समोर असायचं. तो ज्या घरातून निघून आला ते घर मात्र आम्ही कधी बघत नाही. मी इतकी वर्षं माणसं पाठवली, पण निघण्याआधीच्या महिन्यात घरात काय चाललेलं असतं, हे आज बघतोय."

"मग आता काय करायचं?"

"मी शब्द दिलाय. एकोणीस वर्षांच्या मुलीनं विश्वासानं सांगितलंय. तो मोडणार नाही."

"तू प्रणालीला शब्द दिलास," मी म्हटलं. "मी रुखमाला दिलाय, पोरीला सांगणार नाही असा. पोरीनं तुला काय सांगितलं ते रुखमाला सांगणार नाही, असा शब्द मी कुणाला दिला?"

अरविंदनं माझ्याकडे वळून पाहिलं. "हे तू आत्ता माझ्याकडून काढून घेतलंस."

"तूच सांगितलंस. मी विचारलंही नव्हतं."

तो हसला नाही. म्हणाला, "प्रणाली चिडेल माझ्यावर."

"चिडू दे."

"बरं. चिडू दे," तो म्हणाला आणि उठला. परत येताना त्यानं माझा हात धरला होता. समोरून येणाऱ्या कापूस वेचणाऱ्या बायकांना त्याची फार मजा वाटली.

निघायचा दिवस

सकाळी रुखमा चुलीपाशी होती. वाटेत खायला म्हणून भाकऱ्या भाजत होती. पुरुष पडवीत, प्रणाली वाडीत वांगी तोडत. मी तिच्याशेजारी बसले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"रुखमाताई, पोरगी जायला तयार नाही."

तिचा हात भाकरीवर थांबला.

"काल साहेबांना सांगितलं तिनं. आई बोलत नाही, म्हणजे आईचा नकार आहे, असं धरून बसलीय. बाबाला साहेबांनीच समजवावं म्हणते. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं तिला."

रुखमा नुसती बघत राहिली. भाकर तव्यावर करपायला लागली, ती मीच उलटली.

"माह्यापायी?" ती एवढंच म्हणाली.

"बोला तिच्याशी. आवाज हलला तर हलू दे."

ती उठली. गुडघ्याचा त्रास होता तरी भिंतीला हात न लावता उठली आणि मागच्या दारानं वाडीत गेली. मी तव्याखालचा जाळ ओढला आणि दारापर्यंत गेले. पडवीतून दत्तानं काहीतरी विचारलं. मी हातानंच त्याला थांबवलं. अरविंद माझ्या मागे येऊन उभा राहिला.

प्रणाली वांग्याच्या सरीत वाकलेली होती. आई समोर येऊन उभी राहिलेली बघून ती सरळ झाली. रुखमाचं तोंड उघडलं, मिटलं. एकदा पदर तोंडाशी गेला. मला वाटलं, नाही जमणार आता. मग तिचा आवाज आला. फाटलेला, पण मोठ्यानं.

"तिकडं ओडिशात भातच देते म्हनतेत. पोळी देते का?"

प्रणालीच्या हातातली टोपली खाली आली. वांगी सरीत घरंगळली.

"तुले भातानं पोट नाई भरत," रुखमा बोलतच होती, आता गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. "दोन दिवस भात खाल्ला का अंगातलं बळ जाते तुह्यं. पयाले लावतीन ते लोक. काय खाऊन पयशीन तू? सांग ना. ठेचा नेऊ देते का नाई सोबत?"

"आई," प्रणाली म्हणाली. सरीतली ओळ ओलांडून ती आईजवळ गेली. तिनं आधी आईच्या कोपराखाली हात घातला, आणि मग दोघी तिथंच, वांग्यांच्या मधे, मातीत बसल्या.

दत्ता आमच्यामागे येऊन उभा होता. त्याला अजून काहीच कळलं नव्हतं. "बोलली?" त्यानं कुजबुजत विचारलं. अरविंदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दत्तानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर त्या घरात जो आवाज सुरू झाला तो आम्ही निघेपर्यंत थांबला नाही. महिन्याभराचं सगळं एकदम बाहेर येत होतं. तिळाची चटणी महिनाभर टिकते, ती द्यायची. खोबरेल तेल तिकडे मिळतं का? हिवाळ्यात अंघोळीला गरम पाणी असतं का? दत्ता सांगायला गेला तर, "तुमच्या टायमाची गोष्ट नका सांगू, तुमी पोट्टे होते," म्हणून तिनं त्याला गप्प केलं आणि सरळ अरविंदकडे वळली. परवा ज्याच्याशी एक वाक्य बोलायला तिला एवढा वेळ लागला होता, तो व्हाइस अ‍ॅडमिरल तिच्यासमोर हात मागे बांधून उभा होता. येत होतं तेवढ्याची उत्तरं देत होता, येत नव्हतं तिथं "विचारून सांगतो, वहिनी" म्हणत होता. प्रणालीचे डोळे सुजले होते. ती एकदा त्याच्याजवळून जाताना पुटपुटली, "तुमी सांगतलं ना?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. शूर माणूस.

शंकरमामा निरोप द्यायला आले. नौदलात जाणाऱ्या गावातल्या पहिल्या पोरीला बापाहून मोठा ओहदा मिळावा असा त्यांनी आशीर्वाद दिला. वांग्यांची गोणी, मेथीच्या जुड्या, भाकऱ्यांचं गाठोडं, सगळं डिकीत गेलं. दत्तानं पुन्हा सलाम ठोकला. यावेळी अरविंदनं तो पूर्ण होऊ दिला आणि तसाच परत केला. साध्या स्वेटरमध्ये, डोक्यावर टोपी नसताना. नियमात बसत नाही ते. दत्तालाही ठाऊक होतं.

रुखमानं माझा हात दोन्ही हातांत धरला. काही बोलली नाही, पण हे गप्प राहणं वेगळं होतं.

आम्ही गाडीत बसलो. अरविंदनं चावी फिरवली, काचा वर घेतल्या. देवळापर्यंत पोचलो नाही तोच आरशात पदर खोचून येणारी रुखमा दिसली. गुडघा विसरून जवळजवळ धावत येत होती, मागे प्रणाली. त्यानं गाडी थांबवून काच खाली केली.

"साहेब," ती धापा टाकत म्हणाली, "पोरींचे कपडे वाळवाले तिथं आडोसा असते का? पावसात काय करतेत?"

अरविंदनं गाडी बंद केली. दार उघडून खाली उतरला, रस्त्याच्या कडेला तिच्यासमोर उभा राहिला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.